घरात समुद्र आणण्यापूर्वी...
खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीची हौस पुण्यात वाढते आहे. पण येथे पाळायचे असते ते आधी पाणी, मासे नंतर

गोल्डफिश, एंजल किंवा गप्पी यांची काचेची छोटी पेटी ही पुणेकर घरांना नवी गोष्ट नाही. संभाजी उद्यानातील मत्स्यालय पाहून परतलेल्या मुलांच्या हट्टापायी अशा कितीतरी पेट्या घरोघरी आल्या, काही टिकल्या, काही महिन्याभरात माळ्यावर गेल्या. खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी मात्र वेगळ्या जातकुळीची. निळ्या प्रकाशात लहरणारे पाणी, खडकांच्या कपारींतून डोकावणारे नारिंगी-पांढरे क्लाउनफिश आणि पिवळेधमक टँग मासे यांचे आकर्षण २००३ मधील 'फाइंडिंग निमो' या चित्रपटाने जगभर वाढविले. मोठ्या सदनिकांच्या आणि बंगल्यांच्या अंतर्गत सजावटीत आता सहा-सहा फुटी टाक्यांची मागणी होते.

ही हौस सजावटीच्या इतर वस्तूंसारखी एकदा पैसे मोजून पूर्ण होत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. येथे समुद्राचा एक तुकडा जिवंत ठेवायचा, तर त्याचे पाणी, तापमान, लाटा आणि स्वच्छता हे सारे घरमालकालाच निर्माण करावे लागते आणि वर्षानुवर्षे राखावे लागते. बहुतेक पेट्या अपयशी ठरतात त्या मासे नाजूक असतात म्हणून नव्हे, तर ते पाणी तयार होण्याआधीच आणले जातात म्हणून.

अलिबागचे पाणी का चालत नाही?

सर्वांच्या मनात प्रथम येणारा प्रश्न हाच असतो. कोकणात दर महिन्याला कोणी ना कोणी जातेच; मग येताना चार कॅन भरून का आणू नयेत? मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उभे राहिले ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या अगदी शेजारी. (२०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा खुले झाले आणि २०२० मध्ये करोनाच्या साथीत बंद झाले.) पण ते मोठ्या गाळण यंत्रणेसह चालविलेले सार्वजनिक मत्स्यालय होते. घरगुती पेटीची गोष्ट निराळी आहे. किनाऱ्यालगतचे पाणी गाळाने गढूळ असते, खाड्यांतून आलेले सांडपाणी आणि तेलाचा अंश त्यात मिसळलेला असतो आणि पावसाळ्यात नद्यांच्या लोंढ्यामुळे त्याची क्षारता एकदम उतरते. असे पाणी घरच्या टाकीत म्हणजे रोगांना आमंत्रण.

हा पेच नवा नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा समुद्राचे पाणी आणण्याची अडचण तेथील हौशी लोकांनाही होती. निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी त्याच दशकात क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची कृती मांडली. आजचा उपायही तोच आहे : शुद्ध पाण्यात तयार कृत्रिम सागरी क्षार विरघळविणे.

येथे स्वयंपाकघरातील मीठ चालत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड यांचा वाटा सुमारे ८५ टक्के असला, तरी उरलेल्या भागातील मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि बायकार्बोनेट यांवाचून सागरी जीव तग धरत नाहीत. शिवाय खाण्याच्या मिठात आयोडिन आणि ते मोकळे राहण्यासाठी घातलेली द्रव्ये असतात. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास, हे प्रमाण राखावे लागते. त्यासाठी स्वस्त तरंगत्या मापकापेक्षा रिफ्रॅक्टोमीटर हे उपकरण अधिक भरवशाचे.

क्षार ज्या पाण्यात मिसळायचे, तेही तपासून घ्यावे लागते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून पुण्याला मिळणारे पाणी पिण्यास उत्तम असले, तरी नळापर्यंत येताना त्यात क्लोरिन असते. उपनगरांतील अनेक सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरवेलचे जड पाणी त्यात मिसळते. नायट्रेट, फॉस्फेट आणि जलवाहिन्यांतून उतरलेले तांबे यांचा सूक्ष्म अंशही टाकीत शेवाळ माजवितो किंवा झिंगे मारतो. म्हणून आरओ आणि त्यापुढे डीआय अर्थात आयन काढून टाकणारी राळ, अशा दोन टप्प्यांतून गेलेले पाणी वापरतात. स्वयंपाकघरातील नेहमीचे आरओ यंत्र येथे पुरत नाही. चवीसाठी त्यातून काही क्षार मुद्दाम पाण्यात राहू दिले जातात. टीडीएस मीटरवर शून्य किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा दिसला पाहिजे.

आकार मोठा, चूक लहान

नवख्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी, हा समज गोड्या पाण्याच्या बाबतीत एक वेळ खरा असेल. खाऱ्या पाण्यात मात्र मोठी टाकी अधिक स्थिर असते. पन्नास लिटर पाण्यात एक मासा मरून कपारीत राहिला, तर रात्रीतून सारे पाणी विषारी होऊ शकते. सातशे लिटरमध्ये तीच घटना सावरण्यास अवधी मिळतो. तापमान आणि क्षारताही मोठ्या पाण्यात सावकाश बदलतात.

पण मोठ्या टाकीबरोबर वजनाचा प्रश्न येतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीचे आकारमान २४ घनफूट, म्हणजे सुमारे ६८० लिटर. टाकी काठोकाठ भरत नाहीत. मात्र खालच्या जोडटाकीसह साधारण ७०० लिटर पाणी धरले, तर तेच ७०० किलोंच्या वर जाते. १२ ते १५ मिलिमीटर जाडीची काच, खडक, वाळू, लोखंडी घडवंची आणि यंत्रे यांची भर पडून एकूण भार ११०० किलोंच्या घरात पोचतो आणि तो सारा अवघ्या १२ चौरस फुटांवर येतो. भारतीय मानक संस्थेच्या आयएस ८७५ या संहितेत निवासी खोल्यांच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोंचा वापरभार धरलेला आहे. टाकीखालचा भार त्याच्या जवळपास पाचपट होतो.

याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नव्हे. संहितेतील आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा असतो. परंतु टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता तुळईवर किंवा भाराच्या भिंतीलगत ठेवणे, गॅलरीच्या पुढे आलेल्या भागात मुळीच न ठेवणे आणि आधी बांधकाम रचना अभियंत्याचा लेखी सल्ला घेणे, हे आवश्यकच आहे. जुन्या वाड्याच्या माळवदावर किंवा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या इमारतीत हा विचार सोडून दिलेला बरा. गळती झाली तर नुकसान खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचे होते, त्यामुळे सोसायटीला पूर्वकल्पना देणेही शहाणपणाचे.

टाकीखालचा कारखाना

पाहुण्यांना दिसते ती वरची टाकी. खरे काम चालते ते घडवंचीच्या आत दडलेल्या जोडटाकीत. हिला 'सम्प' म्हणतात. वरच्या टाकीतील पाणी कडेच्या खणातून ओसंडून नळीने खाली येते, गाळले जाते आणि पंपाने परत वर चढते. हीटर, क्षारमापक अशी सारी उपकरणे येथेच ठेवता येतात.

जोडटाकीतील सर्वांत महत्त्वाचे यंत्र म्हणजे प्रोटीन स्किमर. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना काहिलीवर मळी येते आणि ती झाऱ्याने काढली जाते. स्किमरचे काम काहीसे तसेच आहे. यंत्र पाण्यात अतिशय बारीक बुडबुडे सोडते, माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतील सेंद्रिय द्रव्ये त्या बुडबुड्यांना चिकटतात आणि तपकिरी फेसाच्या रूपाने वरच्या पेल्यात जमा होतात. घाण कुजण्यापूर्वीच पाण्याबाहेर जाते, हे त्याचे वैशिष्ट्य. गोड्या पाण्यात असा फेस नीट धरत नाही, म्हणून तेथे हे यंत्र दिसत नाही.

समुद्राचे पाणी कधी स्थिर नसते. त्यासाठी टाकीत लाटा निर्माण करणारे दोन-तीन पंप समोरासमोर बसवितात. दिव्यांच्या बाबतीत मात्र अकारण खर्च होताना दिसतो. प्रखर आणि महाग दिवे लागतात ते प्रवाळांना, कारण त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करतात. केवळ मासे ठेवायचे असतील, तर साधे एलईडी दिवे रोज आठ तास पुरतात.

पुण्याचे हवामान आणि वीज

प्रवाळांजवळच्या माशांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो दहा अंशांखालीही उतरतो. त्यामुळे पाणी थंड करणारा चिलर आणि गरम करणारा हीटर, दोन्ही लागतात. खोलीला वातानुकूलन असले तरी ते चोवीस तास चालत नाही आणि दिवसरात्रीतील चढउतार माशांना अधिक घातक ठरतो.

विजेचा हिशेब आधीच मांडलेला बरा. पंप आणि स्किमर मिळून १०० वॉट धरले, तर चोवीस तासांचे २.४ युनिट होतात. दीडशे वॉटचे दिवे आठ तास म्हणजे १.२ युनिट आणि ४०० वॉटचा चिलर उन्हाळ्यात रोज आठ तास चालला तर ३.२ युनिट. दिवसाला ६.८ युनिट, म्हणजे महिन्याला दोनशेच्या वर. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढतात. हे युनिट घरच्या वापरावर चढत असल्याने बिल वरच्या टप्प्यात जाते.

वीज गेली तर प्रश्न तापमानाचा नसतो, तो प्राणवायूचा असतो. पंप थांबले की पाण्याची हालचाल थांबते आणि भरगच्च टाकीत काही तासांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. देखभालीसाठी गुरुवारी होणारा वीज-पाण्याचा खोळंबा पुणेकरांच्या परिचयाचा आहे. किमान एक लाटपंप इन्व्हर्टरवर असावा आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. वीज जाताच वरचे पाणी खाली उतरते, तेव्हा ते सामावून घेण्याइतकी जागा जोडटाकीत रिकामी हवी. अन्यथा घरभर खारे पाणी पसरते. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने योग्य अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच यांत काटकसर करू नये.

आधी जिवाणू, मग मासे

टाकी भरली, यंत्रे सुरू झाली, पाणी काचेसारखे दिसू लागले, की घरातील मंडळींचा धीर सुटतो. नेमकी येथेच चूक होते. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी असतो आणि समुद्रजलाचा सामू ८.१ ते ८.३ इतका अल्कधर्मी असल्याने त्याचे विषारीपण आणखी वाढते. निसर्गात जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतो. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. खडकांच्या आणि वाळूच्या पृष्ठभागावर त्यांची वस्ती वाढावी लागते.

त्यासाठी रिकाम्या टाकीत अमोनियाचा स्रोत म्हणून माशांच्या खाद्याची चिमूट किंवा अमोनियम क्लोराइडचे मोजके थेंब टाकतात आणि चाचणी संचाने दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासतात. प्रथम अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढते आणि उतरते. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार झाली. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी अधिकही. दुकानदार 'उद्या मासे सोडा' म्हणत असेल, तर दुकान बदलावे.

त्यानंतरही एका वेळी दोन-तीनच मासे आणि पुढची भर दोन-तीन आठवड्यांनी. सुरुवातीस क्लाउनफिश, गोबी, ब्लेनी, कार्डिनल यांसारखे लहान आणि काटक मासे योग्य. डॅमसेल स्वस्त आणि चिवट असतात; पण ते टाकीचा ताबा घेऊन पुढच्या पाहुण्यांना छळतात. चित्रपटातील 'डोरी'चा निळा टँग पूर्ण वाढल्यावर फूटभर लांबीचा होतो आणि त्याला पोहण्यास लांब टाकी लागते. फुलपाखरू माशांच्या अनेक जाती आणि मूरिश आयडॉल दिसायला राजबिंडे असले, तरी टाकीतील खाद्य नाकारून उपाशी मरतात. नव्या माशाला चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवणे हा नियमच करावा. पांढऱ्या ठिपक्यांचा सागरी रोग एकदा मुख्य टाकीत शिरला, की त्यावरील तांब्याचे औषध तेथे घालता येत नाही; त्याने झिंगे आणि गोगलगायी मरतात.

कायद्याची लक्ष्मणरेषा

परदेशी मासिकांत आणि चित्रफितींत दिसणारी रंगीबेरंगी प्रवाळांची टाकी भारतात जशीच्या तशी उभारता येत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. २००१ मध्ये केंद्र सरकारने वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांचा समावेश केला. महाकाय शिंपल्यांच्या काही जातींनाही हेच संरक्षण आहे. वाघाला असलेलेच हे संरक्षण. उल्लंघनास तीन ते सात वर्षांचा कारावास आणि २०२२ च्या दुरुस्तीनुसार किमान २५ हजार रुपये दंड आहे. प्रवाळ मेलेले असले म्हणून सुटका होत नाही. समुद्रातून काढलेल्या 'लाइव्ह रॉक'मध्ये प्रवाळांचे सांगाडे असतात, म्हणून तोही टाळावा. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र कृत्रिम खडक जिवाणूंना तितकेच मानवतात आणि वर्षभरात नैसर्गिक दिसू लागतात.

आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. मासा कोठून आला, आयात केलेला की येथेच पैदास झालेला, याची पावतीसह माहिती न देणाऱ्या विक्रेत्याकडून खरेदी न करणे हे ग्राहकाच्या हिताचे आहे.

या बंधनांमागे सबळ कारण आहे. गोड्या पाण्यातील बहुतेक शोभेचे मासे तळ्यांत पैदास केलेले असतात; सागरी माशांच्या बहुसंख्य जाती आजही समुद्रातूनच पकडल्या जातात. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियात मासे गुंगविण्यासाठी प्रवाळांवर सायनाइड फवारण्याचे प्रकार दशकानुदशके नोंदले गेले. महाराष्ट्राचे स्वतःचे प्रवाळही फार नाहीत. १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य आणि कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेला खोल समुद्रातील आंग्रिया बँक हा त्यांतला मोठा ठेवा. समुद्राचे तापमान एक-दोन अंशांनी वाढून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ पांढरे पडतात. १९९८ पासून असे जागतिक संकट वारंवार आले आणि २०२४ मध्ये अशा चौथ्या संकटाची घोषणा झाली.

मत्स्यपेटीच्या छंदाने किनारे ओरबाडले जातात, हा अनुभवही जुनाच. फिलिप गॉस यांच्या पुस्तकांनी इंग्लंडमध्ये या छंदाची लाट आणली आणि हौशी संग्राहकांनी तेथील खडकाळ किनाऱ्यांवरील डबकी रिकामी केली. त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी १९०७ मधील 'फादर अँड सन' या आत्मकथनात त्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे.

सुदैवाने पर्याय उपलब्ध आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेल यांच्या अनेक जातींची बंदिस्त पैदास यशस्वी केली आहे. नवी मुंबईत ऐरोली येथेही शोभेच्या सागरी माशांच्या पैदाशीचे काम राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने हाती घेतले. पैदास केलेला क्लाउनफिश टाकीतच जन्मलेला असल्याने तयार खाद्य लगेच स्वीकारतो, कमी आजारी पडतो आणि त्याला समुद्रफुलाची सोबतही अनिवार्य नसते.

नित्याची निगा

* रोज : तापमान पाहणे, मासे मोजणे, खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच घालणे.
* बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरताना केवळ आरओ-डीआय पाणी घालावे. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात; पुन्हा खारे पाणी घातल्यास क्षारता वाढत जाते. कोरड्या उन्हाळ्यात ही घट रोज काही लिटर असते.
* आठवड्याला : स्किमरचा पेला धुणे, काच पुसणे, क्षारता आणि नायट्रेट तपासणे.
* पंधरा दिवसांनी : दहा टक्के, म्हणजे सुमारे ७० लिटर पाणी बदलणे. त्यासाठी प्रत्येक वेळी अडीच किलो, वर्षाला सुमारे ६५ किलो क्षार लागतात.
* घरात पेस्ट कंट्रोल, डासांची फवारणी किंवा रंगकाम असेल तेव्हा टाकी झाकून हवेचा पंप बंद ठेवावा, लाटपंप मात्र चालू असावेत. ही कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात.
* आरओचे वाया जाणारे पाणी फरशी आणि स्वच्छतागृहासाठी साठवावे. पहिल्या भरणीतच ते दोन हजार लिटरहून अधिक होऊ शकते.
* मे महिन्यात किंवा दिवाळीत गावी जाण्यापूर्वी टाकीची माहिती असलेली व्यक्ती नेमावी आणि खाद्याच्या पुड्या मोजून ठेवाव्यात. उत्साही शेजारी उपाशी माशांपेक्षा धोकादायक ठरतो.

खर्चाचा विचार करताना काचेच्या टाकीची किंमत पाहून निर्णय घेऊ नये. चिलर, स्किमर, पंप आणि शुद्धीकरण यंत्रणा मिळून टाकीच्या कितीतरी पट रक्कम लागते आणि त्यानंतर क्षार, चाचणी संच, वीज यांचा खर्च दरमहा चालू राहतो. वेळेचा खर्च तर त्याहून मोठा. नीट सांभाळलेला क्लाउनफिश दहा वर्षांहून अधिक जगतो. म्हणजे आज तिसरीत असलेल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेला मासा तो महाविद्यालयात जाईपर्यंत घरात असू शकतो. इतका काळ कोण पाणी बदलणार, या प्रश्नाचे उत्तर घरात मिळत असेल तरच टाकीची मापे घ्यावीत. नसेल, तर भरतीच्या वेळी मालवणच्या किनाऱ्यावर दोन दिवस काढणे हा अधिक स्वस्त आणि माशांच्याही सोयीचा मार्ग आहे.